मंगोल लष्कराला बातमी कोण पुरवत असे?

मूळ लेख

चंगीझ खानाच्या मोहिमांविषयी मराठीत जे लेखन आढळते, त्यात घोडदळाचा वेग, धनुष्याचा पल्ला आणि शहरांतील कत्तली यांना पुष्कळ जागा मिळते. परंतु ज्या मुलखात पूर्वी कधी पाऊल ठेवलेले नाही, तेथील वाटा, राजघराण्यांतील भांडणे आणि किल्ल्यांतील शिबंदी यांची माहिती या सैन्याला कशी मिळत असे, हा प्रश्न बहुधा ‘त्यांचे हेर सर्वत्र होते’ एवढ्या एका वाक्यात संपवला जातो. ते वाक्य मला अपुरे वाटते, म्हणून हा धागा काढत आहे. जुनी साधने वाचताना असे दिसते, की मंगोलांना बातमी देणारी बहुतेक माणसे हेरगिरीवर पोट भरणारी नव्हती. ती व्यापारी, दूत, गुराखी, दुखावलेले अधिकारी आणि कैदी होती. या माणसांचे म्हणणे थेट सेनापतीपर्यंत पोहोचू देणे, त्यांना चारचौघांत बक्षीस देणे आणि बातमी हाती येताच त्याच रात्री घोडे हाकणे, यांत मंगोलांचे वेगळेपण होते.

याची सुरुवात साम्राज्य उभे राहण्यापूर्वीच झालेली आहे. १२०३ मध्ये मंगोलियातील केराइत टोळीचा प्रमुख ओंग खान आणि त्याचा मुलगा सेंगुम यांनी तेमुजिनला, म्हणजे पुढच्या चंगीझ खानाला, सोयरिकीचे आमंत्रण देऊन पकडण्याचा डाव रचला होता. तो फसला, तेव्हा पहाटे वेढा घालण्याचे ठरले. या मसलतीत असलेल्या एका सरदाराने घरी जाऊन ती गोष्ट बोलून दाखवली, आणि दूध घेऊन आलेल्या बादाई नावाच्या गुराख्याच्या कानांवर ती पडली. त्याने आपला सोबती किशिलिक याला गाठले आणि दोघांनी रात्रीच तेमुजिनची छावणी गाठून खबर दिली. मंगोलांच्या स्वतःच्या बखरीत, म्हणजे ‘गुप्त इतिहासा’त, या प्रसंगाला पुष्कळ जागा दिलेली आहे. केराइतांचा पराभव झाल्यावर ओंग खानाचा सोन्याचा तंबू, भांडी आणि चाकरमाणसे यांसह या दोघा गुराख्यांना देण्यात आला, त्यांना ‘दर्खान’ ही करमुक्त प्रतिष्ठा मिळाली आणि १२०६ च्या कुरुलताईत, म्हणजे सरदारांच्या महासभेत, ते सहस्रांचे अधिकारी म्हणून नेमले गेले. गवताळ प्रदेशातील प्रत्येक चाकराने ही कथा ऐकली असणार, आणि खबर घेऊन कोणाकडे जावे हे त्याला वेगळे सांगावे लागले नसणार.

त्याच वर्षी तेमुजिनने ओंग खानावर केलेली चाल तर संपूर्णपणे बातमीवर उभी होती. तेमुजिनचा भाऊ खासार याची बायकामुले ओंग खानाच्या ताब्यात होती. खासारच्या नावाने दोन माणसे निरोप घेऊन गेली, की भावाचा ठावठिकाणा लागत नाही, ढेकळाची उशी करून उघड्यावर झोपतो आहे, तुमचा भरवशाचा माणूस पाठवलात तर शरण येईन. ओंग खानाने विश्वास ठेवला आणि आपला माणूस सोबत दिला. त्या दोघांनी परत येऊन जे सांगितले तेच महत्त्वाचे होते: तंबू उभारून मेजवानी चालली आहे आणि पहारा ढिला आहे. मंगोल रातोरात निघाले, त्यांनी छावणी वेढली आणि तीन दिवस व तीन रात्री लढून केराइतांचे राज्य संपवले.

पुढच्याच वर्षी पश्चिमेकडच्या नायमान टोळीविरुद्ध जे घडले ते मला या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते, कारण तेथे शत्रूकडेही बातमी होती. दूरच्या प्रवासाने मंगोलांचे घोडे रोडावले होते. आघाडीच्या चकमकीत खराब खोगिराचा एक घोडा नायमानांच्या हाती लागला आणि त्यांनी त्यावरून हे अचूक ओळखले. तेव्हा दोदाई चेर्बी या सरदाराने सुचवले, की घोडे चरून धष्टपुष्ट होईपर्यंत येथेच थांबावे आणि प्रत्येक माणसाने रात्री पाच ठिकाणी जाळ पेटवावा. नायमानांच्या टेहळ्यांनी आपला प्रमुख तायांग खान याला कळवले, की मंगोलांच्या शेकोट्या ताऱ्यांपेक्षाही जास्त आहेत. आता त्याच्यासमोर दोन बातम्या होत्या, एक खरी आणि एक खोटी. त्याने काढलेला निष्कर्षही चुकीचा नव्हता. अल्ताईपलीकडे माघार घ्यावी, रोड घोड्यांना पाठलागात दमवावे आणि मग उलटावे, असे त्याचे म्हणणे होते. मुलगा कुचलुग आणि सरदार यांनी त्याला भित्रा ठरवले, तो चिडून लढाईस उतरला आणि मारला गेला. ज्या दरबारात मिळालेल्या बातमीचा अर्थ काढणाऱ्याला टोमणे खावे लागतात, तेथे उत्तम टेहळणीही निरुपयोगी ठरते.

उत्तर चीनमधील जिन घराण्याशी झालेल्या युद्धात दूतांचे महत्त्व दिसते. बीजिंगच्या वायव्येस असलेल्या जुयोंग खिंडीचे दरवाजे जिन सैन्याने वितळलेले लोखंड ओतून पक्के केले होते आणि पुढच्या वाटेवर लोखंडी काटे पसरले होते. तेव्हा जाफर या मुसलमान सहकाऱ्याने सांगितले, की उत्तरेकडच्या रानातून एका घोड्यापुरती पायवाट जाते आणि आपण ती पूर्वी तुडवलेली आहे. हा जाफर यापूर्वी जिन दरबारी दूत म्हणून जाऊन आलेला होता. १२१३ मध्ये सैन्य संध्याकाळी त्या वाटेने शिरले आणि पहाटे खिंडीच्या पलीकडे सपाटीवर उतरले. मंगोलांचे दूत इतक्या वारंवार का जात असत, याचे एक उत्तर येथे सापडते.

मध्य आशियातील ख्वारिझ्म राज्यावरच्या मोहिमेत हे सर्व धागे एकत्र येतात. शाह अलाउद्दीन मुहम्मद आणि त्याची आई तुर्कान खातून यांच्यात वितुष्ट होते, आणि फौजेतील बलाढ्य तुर्की सरदार आईच्या माहेरचे होते. शाहाने ज्याच्या आप्तांची हत्या करवली होती, असा ओत्रार या सरहद्दीवरच्या शहराचा बद्रुद्दीन नावाचा अधिकारी चंगीझ खानाला जाऊन मिळाला. त्याने ही फूट उघड केली आणि तिचा उपयोगही सुचवला. तुर्की सरदार चंगीझ खानाला सामील होऊ इच्छितात, अशा अर्थाची बनावट पत्रे तयार झाली आणि ती शाहाच्या हाती पडतील अशी व्यवस्था करण्यात आली. आधीच संशयी असलेल्या शाहाने आपली मोठी फौज एकत्र उभी न करता शहराशहरांत वाटून टाकली, यामागे इतरही कारणे होती. पण या पत्रांनी त्याच्या मनातील भीतीला पुरावा दिला. त्यानंतर १२२० च्या आरंभी झर्नुक येथील एका तुर्कमान वाटाड्याने चंगीझ खानाला आडवाटेने नेले आणि फौज बुखारासमोर अशा बाजूने उभी राहिली, जिकडून कोणी तिची वाट पाहत नव्हते. ती वाट पुढे ‘खानाची वाट’ म्हणून ओळखली जाऊ लागली, असे जुवैनी हा इराणी इतिहासकार सांगतो.

जाणकारांनी भर घालावी आणि जेथे मतभेद असेल तेथे तो अवश्य नोंदवावा.

प्रतिसाद १

लेखातील मांडणी पटते, पण ज्या प्रसंगाने ख्वारिझ्मचे युद्ध पेटले त्याचा उल्लेख राहिला आहे. १२१८ मध्ये ओत्रारच्या सुभेदाराने, इनालचुक याने, मंगोलांकडून आलेला व्यापारी तांडा हेर ठरवून पकडला आणि शाहाच्या संमतीने सर्वांना ठार केले. जुवैनी व्यापाऱ्यांची संख्या ४५० देतो. ही कत्तल केवळ मालाच्या लोभाने झाली असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते. आपल्या विवेचनाप्रमाणे व्यापारी हेच बातमीदार असतील, तर मग इनालचुकाचा आरोप खरा होता असे आपण मान्य करता का? या प्रश्नाचे सरळ उत्तर वाचायला आवडेल.

धागाकर्त्याचे उत्तर

आरोपात तथ्य होते आणि तरीही ती कत्तल अक्षम्य होती, असे माझे मत आहे. जुवैनीच्याच वृत्तांतानुसार चंगीझ खानाने आपल्या मुलांना आणि सरदारांना आज्ञा केली होती, की प्रत्येकाने आपल्या पदरची दोन-तीन माणसे सोने-चांदी देऊन या तांड्याबरोबर धाडावीत. म्हणजे ही माणसे मंगोल राजघराण्याची आणि सरदारांची होती. परत आल्यावर त्यांनी पाहिलेले सर्व धन्याला सांगितले असते, यात संशय नाही. शाहाचा मुलगा जलालुद्दीन याचा चिटणीस नसवी याने इनालचुकाची तक्रार नोंदवली आहे. ही माणसे व्यापाऱ्यांच्या वेशात आली असली, तरी स्वतःशी संबंध नसलेल्या गोष्टींची चौकशी करतात आणि एखादा सामान्य माणूस एकटा सापडला की त्याला धमकावतात, असे त्याचे म्हणणे होते.

परंतु त्या काळातील व्यापारी आणि बातमीदार यांच्यात आपण आज काढतो तशी रेघ नव्हती, आणि शाह स्वतः हेच करत होता. याच नसवीने सांगितलेला दुसरा प्रसंग पाहावा. या घटनेपूर्वी मंगोलांच्या वतीने आलेल्या शिष्टमंडळात महमूद नावाचा ख्वारिझ्मचाच एक गृहस्थ होता. शाहाने त्याला रात्री एकट्याला बोलावले, तू आमच्या मुलखातला आहेस याची आठवण करून दिली, स्वतःच्या बाजूबंदातील रत्न काढून दिले आणि यापुढे खानाच्या दरबारात आपला हेर म्हणून काम करण्यास सांगितले. महमूदने जिवाच्या भीतीने होकार दिला. चंगीझ खानाने खरोखरच चीन जिंकला आहे का, असे शाहाने विचारले तेव्हा त्याने होय म्हटले. पण खान आपल्याला ‘पुत्र’ म्हणतो याचा शाहाला संताप आला आहे हे पाहून, आपल्या फौजेपुढे त्याचे सैन्य काहीच नाही, असे सांगून त्याने वेळ मारून नेली. शाहाला खुशामत हवी होती आणि तीच त्याला मिळाली. एका रात्रीत, रत्नाच्या आणि धाकाच्या जोरावर विकत घेतलेला हेर किती उपयोगी पडतो, हे या संभाषणावरून दिसते.

प्रतिसाद २

युरोपच्या मोहिमेसंबंधी काही तपशील जोडतो, कारण तेथे मंगोलांची बातमी काढण्याची पद्धत, तिचा गैरवापर आणि तिची मर्यादा या तिन्ही गोष्टी एकाच देशात, हंगेरीत, पाहायला मिळतात.

हंगेरीला पूर्वसूचना मिळाली नव्हती, हा समज चुकीचा आहे. ज्युलियन नावाचा डोमिनिकन पंथाचा साधू व्होल्गाकाठच्या आपल्या दूरच्या भाईबंदांच्या शोधात गेला होता. १२३७ च्या दुसऱ्या प्रवासात त्याला मंगोलांचे आक्रमण प्रत्यक्षच आडवे आले. नद्या आणि दलदली गोठल्या की रशियावर चढाई होणार, असे त्याने ऐकले आणि तसे ते झाले. सुझ्दालच्या राजाने मंगोल दूतांकडून हस्तगत केलेले एक पत्रही त्याने हंगेरीचा राजा बेला चौथा याच्याकडे आणले. तीस वेळा दूत पाठवूनही उत्तर का येत नाही आणि माझ्या कुमान (स्टेपमधील एक भटकी तुर्की जमात) दासांना आश्रय का देतोस, असा त्यात जाब होता. एवढे सर्व हातात असूनही हंगेरीच्या सरदारांनी आपसातील भांडणे सोडली नाहीत. १२४१ च्या मार्चमध्ये तर आश्रयाला आलेल्या कुमानांचा प्रमुख कोतेन हाच मंगोलांचा हेर आहे, अशा संशयाने त्याला पेस्टमध्ये ठार करण्यात आले. चिडलेले कुमान मुलूख लुटत दक्षिणेकडे निघून गेले आणि स्टेपमधील लढाईची रीत जाणणारे एकमेव सैन्य बेलाने गमावले. शत्रूचे हेर सर्वत्र आहेत ही भीती शत्रूच्या प्रत्यक्ष हेरांपेक्षा अधिक नुकसान करू शकते, हे येथे दिसते.

११ एप्रिल १२४१ रोजी मोहीची लढाई झाली. आदल्या रात्री मंगोलांच्या छावणीतून पळालेल्या एका रशियन गुलामाने पुलावरच्या हल्ल्याची खबर हंगेरीच्या बाजूला दिली, आणि त्यामुळे साजो नदीवरच्या पुलावर मंगोलांच्या पहिल्या तुकडीला मार बसला. म्हणजे मंगोलांच्याही गोष्टी फुटत असत. मात्र पुलावर यश मिळाले एवढ्यावर हंगेरीचे लोक निर्धास्त झाले आणि सकाळपर्यंत वेढले गेले.

यानंतरची घटना रोजेरियस या धर्मगुरूने लिहून ठेवली आहे, आणि ती वाचताना माझे मन फार अस्वस्थ होते. मारल्या गेलेल्या चॅन्सेलरजवळ मंगोलांना राजाची मुद्रा सापडली. जिवंत ठेवलेल्या काही हंगेरियन पाद्र्यांकडून त्यांनी राजाच्या नावाने पत्रे लिहवून घेतली, त्यांवर ती मुद्रा उमटवली आणि ती देशभर पाठवली. या कुत्र्यांच्या क्रौर्याला भिऊ नका, घरे सोडू नका, आम्ही लवकरच मुलूख परत घेऊ, अशा आशयाचा तो मजकूर होता. लोकांनी राजाची मुद्रा ओळखली, पत्रावर विश्वास ठेवला आणि ते गावांतच थांबले. रोजेरियस स्वतः त्या प्रदेशात कैद भोगून निसटलेला होता, त्यामुळे त्याच्या साक्षीला वजन आहे.

मूळ लेखातील ‘हेरगिरीवर पोट भरणारी माणसे नव्हती’ या विधानाला पुष्टी देणारी आणखी एक व्यक्ती येथे भेटते. ऑस्ट्रियात नॉयश्टाटजवळ पकडल्या गेलेल्या मंगोल सैनिकांत एक इंग्रज निघाला. इंग्लंडमधून हद्दपार झालेला, अक्का येथे जुगारात सर्वस्व गमावलेला आणि भटकता भटकता अनेक भाषा शिकलेला हा माणूस मंगोलांच्या टेहळ्यांच्या नजरेत भरला, आणि त्यांनी त्याला दुभाषा म्हणून पदरी ठेवले. हंगेरीच्या राजाकडे मंगोलांचा दूत म्हणून तो दोनदा जाऊन आला होता.

प्रतिसाद ३

एक विसंगती सुटत नाही. बादाई आणि किशिलिक यांनी आपल्या धन्याचा बेत फोडला, म्हणून त्यांना गौरवले गेले. पण चंगीझ खानाचा जुना मित्र आणि पुढे प्रतिस्पर्धी झालेला जमुखा याच्या पाच साथीदारांनी त्याला पकडून चंगीझ खानाच्या हवाली केले, तेव्हा खानाने त्या पाचही जणांना जमुखाच्या डोळ्यांदेखत मारून टाकले. फितुरांना उत्तेजन देणारे हे धोरण होते की शिक्षा देणारे?

धागाकर्त्याचे उत्तर

हा प्रश्न मोलाचा आहे. ‘गुप्त इतिहासा’तील प्रसंग शेजारी ठेवले तर एक सीमारेषा दिसते. धन्याच्या बेताची खबर देणे मान्य होते. धन्याच्या अंगाला हात लावणे मान्य नव्हते. नायाआ याने आपला पकडलेला प्रमुख तार्गुताई याला वाटेत सोडून दिले आणि मग रिकाम्या हातांनी तो तेमुजिनकडे आला, तेव्हा तेमुजिनने त्याची प्रशंसा केली आणि त्याने तार्गुताईला आणले असते तर त्याचा वंशच संपवला असता, असे बजावले.

ही रेषा परमुलखातही पाळली गेल्याचे दिसते, निदान सोयीची असेल तेव्हा. ओत्रारच्या वेढ्यात शाहाने मदतीला पाठवलेला सरदार कराचा हा आपल्या लोकांसह बाहेर पडून मंगोलांना शरण आला. जो धन्याशी इमान राखू शकला नाही त्याच्याकडून आम्ही इमानाची अपेक्षा का करावी, असे म्हणून त्याला साथीदारांसह ठार करण्यात आले. बद्रुद्दीनाची मात्र सेवा घेतली गेली. तो शिबंदी सोडून आलेला सेनापती नव्हता. वैर उघड असलेला आणि माहिती घेऊन आलेला माणूस होता. लढणाऱ्याने बाजू बदलली तर तो उद्या आपल्यावरही उलटेल, हा हिशेब यामागे असावा.

प्रतिसाद ४

फितुरीचा विषय निघाला आहे, म्हणून एक सावधगिरीची सूचना करतो. १२५८ मध्ये चंगीझ खानाचा नातू हुलागू याने बगदाद घेतले, तेव्हा खलिफाचा शिया वजीर इब्न अल्कमी याने मंगोलांशी गुप्त पत्रव्यवहार केला होता, हे विधान अनेक ठिकाणी निश्चित सत्य म्हणून येते. ते मांडणाऱ्यांत दिल्लीच्या दरबारी बसून लिहिणारा इतिहासकार जुझजानीही आहे, जो बगदादपासून शेकडो कोस दूर होता. याउलट इब्न तिक्तका या इतिहासकाराने पुढच्या पिढीत वजिराचा बचाव केला, आणि त्याचा युक्तिवाद वरच्या चर्चेशी विलक्षण जुळतो. वजिराने धन्याशी बेइमानी केली असती तर हुलागूने त्याला जिवंत ठेवून बगदादचा कारभार सोपवलाच नसता, असे तो म्हणतो. इब्न तिक्तका स्वतः शिया होता, त्यामुळे तोही तटस्थ नाही. मात्र पाच शतकांची खिलाफत बुडाल्यावर लोकांना एक गुन्हेगार हवा होता, आणि पराभूतांच्या लेखनात ‘घरचा भेदी’ इतक्या वेळा का येतो याचे कारण तेथेच शोधले पाहिजे. खलिफाची अनिश्चित वृत्ती आणि दुर्लक्षित सैन्य यांची माहिती हुलागूला मिळण्यासाठी वजिराच्या पत्राची गरजही नव्हती. बगदादशी त्याचा दूतांद्वारे उघड पत्रव्यवहार चालू होता, आणि त्या दूतांना डोळे होते.

प्रतिसाद ५

वरील प्रतिसादातील शेवटचे वाक्य युरोपातील एका धूर्त साधूने फार लवकर ओळखले होते. पोपचा दूत म्हणून गेलेला कार्पिनी १२४६ मध्ये चंगीझ खानाचा नातू गुयुक खान याच्या राज्यारोहणाला हजर होता. परतताना मंगोलांनी आपले दूत त्याच्यासोबत धाडण्याची इच्छा दाखवली, तेव्हा त्याने ती गोष्ट शिताफीने टाळली. आमच्यातील भांडणे आणि युद्धे पाहून त्यांना चढाई करण्याचा अधिकच हुरूप येईल आणि ते मुलखाची हेरगिरी करतील, अशी कारणे त्याने आपल्या वृत्तांतात स्वच्छ नोंदवली आहेत. तो वृत्तांत स्वतःच उत्तम हेराचे काम आहे. मंगोलांच्या आघाडीच्या तुकड्या लूट न करता फक्त माणसे मारत व पिटाळत पुढे सरकतात, येथपासून त्यांच्याशी कसे लढावे येथपर्यंत सर्व त्यात आहे.

परंतु मंगोलांचीच विद्या त्यांच्यावर पद्धतशीरपणे उलटवण्याचे काम केले ते इजिप्तच्या मामलुकांनी, म्हणजे गुलाम सैनिकांतून वर आलेल्या राज्यकर्त्यांनी. १२६० च्या सप्टेंबरमध्ये पॅलेस्टाइनमधील ‘ऐन जालूत’ येथे मंगोलांशी झालेल्या लढाईपूर्वी मंगोल छावणीत अडकलेल्या सारिमुद्दीन याने सुलतान कुतुझला कळवले, की मंगोल संख्येने थोडे आहेत आणि त्यांच्या डाव्या फळीवर असलेला सीरियातील होम्सचा सरदार अश्रफ मूसा ऐनवेळी मागे हटेल. तसेच घडले. बायबर्स सुलतान झाल्यावर त्याने घोड्यांच्या टपालाची व्यवस्था बसवली, ज्यामुळे दमास्कसची बातमी चार दिवसांत कैरोला पोहोचू लागली. फरात नदीच्या सरहद्दीपासून गाझापर्यंत रात्री जाळ आणि दिवसा धूर करून इशारा देणाऱ्या चौक्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या जोडीला कबुतरे होती. मंगोलांची टपालचौक्यांची ‘याम’ व्यवस्था आशिया खंडभर पसरलेली होती. मामलुकांनी तेच काम एका सरहद्दीपुरते, पण अधिक काटेकोरपणे केले.

१२८१ च्या ऑक्टोबरमध्ये होम्सजवळ मोठी लढाई झाली, तेव्हा या यंत्रणेची परीक्षा झाली. मंगोल सैन्यातून फुटलेला एक माणूस हमा शहराच्या अधिकाऱ्याकडे आला आणि त्याने सांगितले, की एकूण सैन्य ८०,००० आहे, त्यांपैकी ४४,००० मध्यभागी आहे आणि उजवी फळी फार बळकट आहे, तरी तुमच्या सुलतानाने आपली डावी फळी भक्कम करावी. हा निरोप कबुतराने सुलतान कलावूनकडे गेला. तो मिळूनही मामलुकांची डावी फळी मोडलीच. मंगोलांची विजयी उजवी फळी मात्र पाठलाग करत होम्सपर्यंत गेली आणि आपला मध्यभाग मागे फुटला आहे, हे तिला फार उशिरा समजले.